इनामगाव : घराच्या जमिनीखाली पुरलेली देवी

१/ शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कारवीचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप अशा भिंतींची घरे आजही आढळतात. असे घर सोडून दिले की भिंत मातीस मिळते. उरतात ते खांबांचे खड्डे आणि चोपून केलेली जमीन. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची घरेही पुरातत्त्वज्ञांनी अशाच खुणांवरून ओळखली.

२/ त्यांपैकी सर्वांत सविस्तर अभ्यासलेले गाव म्हणजे इनामगाव. मुरबाडहून माळशेज घाट चढून पूर्वेस गेले की घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात ते आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे.

३/ वस्तीचा काळ साधारण इ. स. पू. १६०० ते ७००. हे निव्वळ नवाश्मयुग नव्हे, ताम्रपाषाणयुग होय. तांबे दुर्मीळ होते. रोजची कापाकापी दगडी पात्यांनीच होई. लोक जव पिकवीत, गुरे पाळीत आणि तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढीत.

४/ घरांची जमीन उकरल्यावर मात्र वेगळेच जग समोर आले. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, आत लहान मुलाचे अवशेष आणि सोबत छोटी भांडी. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य मुलांची आहेत. मूल गेले तरी आईबापांनी त्याला घराबाहेर ठेवले नव्हते.

५/ अशाच एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची अंडाकृती पेटी सापडली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती. सोबत आणखी एक, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्र आहे. मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते.

६/ या मूर्ती कच्च्या मातीच्या आहेत. गावात कुंभाराची भट्टी होती, तरी त्या भाजलेल्या नाहीत. म्हणजे त्या टिकाव्यात अशी अपेक्षाच नसावी. आपण शाडूचा गणपती विसर्जनासाठी कच्चाच ठेवतो, तसे एखादे घरगुती व्रत आटोपल्यावर त्या पुरल्या असाव्यात.

७/ ढवळीकरांनी या देवीचा संबंध मुलांच्या रक्षणाशी जोडला. पाचवीला सटवाई पुजणाऱ्या समाजाला हा अर्थ लगेच पटतो. तरी दोहोंमध्ये तीन हजार वर्षांचे अंतर आहे. ‘हीच ती सटवाई’ असे म्हणण्यास पुरावा नाही. साम्य आहे ते काळजीचे.

८/ हा अर्थ मूर्तीच्या रूपातून लागत नाही, तिच्या जागेतून लागतो. कोणते घर, कोणता थर, पेटीत काय होते, शेजारी कोण पुरले होते, हे सारे नोंदले गेले म्हणूनच ती देवी ठरते. तीच मूर्ती कुणी उकरून विकली असती, तर ती निव्वळ एक जुनी बाहुली राहिली असती.

९/ म्हणून पायासाठी चर खणताना रंगीत खापर, मणी वा मातीची मूर्ती दिसली, तर ती उचलून धुऊ नये. जागेवरच छायाचित्र घ्यावे, खणणे थांबवावे आणि तहसील कार्यालयास वा पुरातत्त्व विभागास कळवावे. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचे म्हणणे त्या जागेतच साठलेले असते.