खिशातले ब्राउनिंग
२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. त्या रात्री देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता, हे आपण वाङ्मयाचे अभ्यासक आवर्जून सांगतो; हत्याराकडे मात्र सहसा वळत नाही. ते होते ब्राउनिंग पिस्तूल. रिव्हॉल्व्हरचे फुगीर, फिरते चक्र त्यात नाही; काडतुसे मुठीतच एकावर एक रचलेली, म्हणून ते चपटे, खिशात न जाणवणारे. निरोपाच्या खेळाला आलेल्या (आणि संस्कृतज्ञ म्हणून ख्यात) जॅक्सनांच्या इतक्या निकट सशस्त्र पोचणे त्या चपटेपणाने सुकर केले, असे आम्हांस वाटते. अशी २० पिस्तुले सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून धाडली होती. त्याच पुरवठ्यावरून १९११ मध्ये त्यांना दुसरी जन्मठेप झाली.