डिस्चार्ज मिळाला, पण न्यायला कोण येणार?

रत्नागिरी म्हटलं की थिबा राजा आठवतोच. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. मायदेश पुन्हा दिसला नाही. त्याच १८८६ साली रत्नागिरीत मनोरुग्णालय सुरू झालं. पण मनोरुग्णालय म्हटलं की आपल्याला फक्त जोक सुचतात.

तेव्हा १८५८ चा कायदा होता. त्याचा भर उपचारांपेक्षा कोंडून ठेवण्यावर. आत गेलेल्याला घरी पोचवायचं काम कुणाचं? ते काम शिकलेली माणसं फार उशिरा आली. मुंबईत १९३६ मध्ये टाटांची समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, म्हणजे आजची टिस. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली.

हा समाजसेवक नेमकं करतो काय? गोळ्या डॉक्टर देतात. हा रुग्णाशी बोलत बसतो. बोली, नदी, देऊळ, बाजाराचा वार, अशा तुकड्यांतून गाव शोधतो. मग पोलीस, सरपंच, नातेवाईक. आजार काय आहे, गोळ्या मध्येच का थांबवायच्या नाहीत, हे घरच्यांना समजावतो.

तरी काही घरं ‘नको’ म्हणतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो: घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांना आधार देणं सरकारची जबाबदारी.

थिबाला परत जायची परवानगी नव्हती. यांना आहे. फक्त दारात कुणीतरी यायला हवं.