गाव खरं, नाव खोटं

एसटीत शेजारी बसलेला माणूस दहा मिनिटांत विचारतो, ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ तीन पिढ्या गिरगावात गेल्या असल्या तरी आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर असतं. गाव राजापूरकडचं असतं, नाहीतर वाईजवळचं. कुलवृत्तान्त चाळला किंवा नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांची वही उघडली की पणजोबांपर्यंत पोचता येतं. पण समजा, आपलं आडनावच खोटं निघालं, तर? मग ती वही कोणत्या नावानं उघडायची?

अमेरिकेतल्या हजारो चिनी घरांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला आहे. त्यांची नातवंडं-पतवंडं पूर्वजांचं गाव शोधत चीनला जातात, तेव्हा पहिली अडचण असते ती स्वतःच्या नावाची. असं का झालं, त्याचीच ही हकीकत.

दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेला शिनहुई, ताइशान, काइपिंग आणि एनपिंग असे चार जिल्हे आहेत. तिथल्या बोलीत त्यांना मिळून ‘सी यूप’ म्हणतात, म्हणजे चार परगणे. हे नाव मुंबईला अगदीच परकं नाही. माझगावात गोदीजवळ १९१९ सालचं एक छोटं चिनी देऊळ आहे. त्याचं नाव ‘सी यूप कून’. या चार परगण्यांतून आलेल्यांनी ते उभारलं. पण इथले सर्वाधिक लोक गेले ते पॅसिफिकपलीकडे. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि ती बातमी या गावांपर्यंत पोचली. डोंगराळ, तोकडी जमीन, त्यात दंगेधोपे आणि दुष्काळ. घरटी एखादा तरुण बोटीवर चढला. सोन्याच्या खाणी झाल्या, १८६०च्या दशकात रेल्वेचे रूळ झाले, मग लाँड्री आणि खानावळी आल्या. पैसे आणि पत्रं गावी येत राहिली. त्याच पैशातून काइपिंगमध्ये दरोडेखोरांपासून आणि पुरापासून बचावासाठी उंच बुरूजवजा घरं बांधली गेली. त्यांतली सुमारे १,८०० आजही शेतांमधून उभी आहेत. २००७ साली त्यांतल्या काही जागांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

मात्र अमेरिकेनं दार लवकरच लावून घेतलं. १८८२च्या कायद्यानं चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. व्यापारी, विद्यार्थी अशा थोड्यांनाच वाट उरली. आणखी एक वाट होती. अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस नागरिकच ठरतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८९८ मध्ये दिला होता, आणि नागरिकाच्या मुलांना प्रवेश नाकारता येत नव्हता. अशात १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. पाठोपाठ लागलेल्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. आता ‘माझा जन्म इथलाच’ असं कुणी सांगितलं, तर ते खोडून काढायला सरकारी कागदच उरला नाही.

मग एक पद्धत पडली. नागरिक ठरलेला माणूस गावी जाऊन परत आला की अधिकाऱ्यांना सांगे, ‘मुलगा झाला.’ नोंद होई. मुलगा झालेला असो वा नसो, कागदावर एक जागा तयार होई. ती पुढे पुतण्याला, शेजाऱ्याच्या पोराला, नाहीतर पैसे मोजणाऱ्या परक्याला दिली जाई. अशांना नाव पडलं ‘कागदी पुत्र’. आपल्याकडे दत्तक घ्यायचा तरी होम असतो, चार माणसं साक्षीला असतात. इथं नुसत्या कागदावर बाप बदलायचा, आडनाव बदलायचं आणि ते जन्मभर निभावायचं.

अधिकारीही हे ओळखून होते. १९१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर या लोकांना थांबवून उलटतपासणी होऊ लागली. गावात घरांच्या रांगा किती? तुमचं घर कितव्या रांगेत? दाराला पायऱ्या किती? विहीर कुठं? तांदळाची कणगी कोणत्या खोलीत? आईचे पाय बांधलेले आहेत की मोकळे? हेच प्रश्न ‘बापा’ला आणि ‘भावा’ला वेगळे विचारत आणि उत्तरं ताडून पाहत. मेळ बसला नाही तर परत पाठवणी. त्यामुळे मुलं बोटीवर प्रश्नोत्तरांच्या वह्या घोकत आणि बेट जवळ आलं की त्या समुद्रात टाकत. चौकशी आठवडे, कधी महिने चाले. १९४० मध्ये आग लागून ते ठाणं बंद झालं. मूळ कायदा रद्द झाला तो १९४३ साली, चीन युद्धात दोस्त झाल्यावर.

तरी भीती गेली नाही. १९५६ पासून सरकारनं खोटी नावं कबूल करण्याची योजना आणली. पण एकानं कबुली दिली की त्या कागदावर आलेले सगळेच उघडे पडत. त्यामुळे अनेकांनी मुलांनाही काही सांगितलं नाही. मुलं मोठी झाली ती बापाचं खरं आडनाव न कळताच.

या कोंडीचा छडा लावणाऱ्यांत हिम मार्क लाय यांचं नाव मोठं. पेशानं ते इंजिनियर, पण अमेरिकेतल्या चिन्यांचा इतिहास त्यांनी आयुष्यभर गोळा केला. त्यांचे वडीलही कागदी पुत्रच होते. ‘लाय’ हे कागदावरचं आडनाव, मूळचं ‘माक’. ते इंग्रजीत ‘मार्क’ झालं आणि नावाच्या मध्ये बसलं. १९७९ मध्ये अमेरिका-चीन राजनैतिक संबंध सुरू झाले, गावाच्या वाटा मोकळ्या होत गेल्या. १९९१ मध्ये लाय आणि आल्बर्ट चेंग यांनी तरुणांसाठी मुळं शोधण्याचा उपक्रम सुरू केला. आधी घराण्याचा अभ्यास करायचा, मग ग्वांगडोंगमधल्या गावी जायचं.

अभ्यासाची साधनं दोन प्रकारची. पहिलं म्हणजे थडगी. इंग्रजी कागदांवर खोटं नाव वागवणाऱ्या माणसाच्या दगडावर चिनी अक्षरांत पुष्कळदा खरं आडनाव आणि गाव कोरलेलं असतं. दुसरं साधन म्हणजे एंजल बेटावरची तीच सरकारी कागदपत्रं. कॅलिफोर्नियात सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती जपून ठेवली आहेत. त्यांत प्रश्नोत्तरं आहेत, फोटो आहेत, कधी गावाचा नकाशाही आहे. कागदी पुत्र पुष्कळदा त्याच गावचा, त्याच कुळातला असे. त्यामुळे बाप खोटा असला तरी विहीर, रांगा आणि पायऱ्या खऱ्या असत.

गावी पोचल्यावर वडाचं झाड दिसतं, पुढ्यात तळं, मागं विटांच्या घरांच्या सरळ रांगा. बहुधा सगळं गाव एकाच आडनावाचं. आडनावाचा उच्चारही गावागणिक बदलतो. उत्तरेकडचा ‘चेन’ कँटनला ‘चान’ आणि ताइशानात ‘चिन’. म्हणून अक्षर लिहून दाखवावं लागतं. मग कुणी म्हातारं माणूस वंशावळीची पोथी काढतं, जर १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत ती जळाली नसेल तर. तिच्यात पिढ्या ओळीनं सापडतात, पण बहुतेक फक्त पुरुषांच्या. मुलींची नावं सहसा नसतात आणि सुनेचं नुसतं माहेरचं आडनाव. पणजीचं नाव मात्र परदेशातल्या त्या कागदांत मिळू शकतं, कारण अधिकाऱ्यानं आईचं, आजीचं नाव विचारलेलं असतं.

माणसाला दारातून परत पाठवता यावं म्हणून लिहिलेले हे कागद. कुळानं गाळलेली बाई त्यांच्यात सापडते आणि घराची पायरीही. लाय २००९ मध्ये वारले. इंग्रजीत ते अखेरपर्यंत लाय राहिले, चिनी अक्षरांत माक. वडिलांनी दिलेली दोन्ही नावं त्यांनी ठेवली. एक जन्मानं मिळालेलं, दुसरं वडिलांनी मुलांसाठी जन्मभर निभावलेलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)