कातकरी : नाव आणि त्याचे अनुवाद

रायगडमधील कर्जत व खालापूर तालुक्यांत वाड्यावाड्यांवर राहणाऱ्या कातकरी जमातीला इंग्रजी-मराठी दप्तरांत, ग्रंथांत आणि बोलण्यात लावलेल्या शब्दांची ही नोंद.

मूळ नाव धंद्याचे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून कात काढणारे ते कातकरी, काथोडी. जंगल सरकारी झाले, कात सुटला, माणसे कोळसा पाडायला आणि वीटभट्टीवर गेली. नाव मात्र मागे लागून राहिले. गावच्या तोंडी त्याचे 'कातोड्या' झाले. हाक आणि शिवी यांच्यात फरक राहतो तो शेवटच्या 'ड्या'एवढा.

इंग्रजीत या लोकांना 'अ‍ॅबओरिजिनल' म्हणत. अ. ना. वेलिंग यांच्या १९३४ च्या कातकऱ्यांवरील ग्रंथाच्या उपशीर्षकातच तो शब्द आहे. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथाच्या नावात त्याला 'तथाकथित' हे विशेषण जोडले आणि १९५९ च्या आवृत्तीला थेट 'द शेड्यूल्ड ट्राइब्ज' असे नाव दिले. मराठीत मात्र या इंग्रजी शब्दासाठी 'रानटी', 'जंगली' हे प्रतिशब्द सहज वापरले गेले. मुळात नसलेला तिरस्कार अनुवादाने आणला.

उलटेही घडते. अनुसूचित जमातींच्या यादीत या जमातीच्या नोंदीत 'सोन' आणि 'ढोर' या दोन पोटशाखा आहेत. गोमांस खाणाऱ्यांना इतरांनी 'ढोर' म्हटले. रोमन लिपीत हे केवळ एक विशेषनाम वाटते, वाचणाऱ्याला काही टोचत नाही. तीच यादी मराठीत आली, की दाखल्यावर माणसाच्या नावापुढे गुराढोरांचा शब्द उमटतो. यादीतला शब्द अनुवादकाला बदलता येत नाही. स्वतःच्या वाक्यात त्याने 'कातकरी' एवढेच लिहावे.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्राच्या विशेष यादीत आहेत. त्या यादीच्या इंग्रजी नावातला 'प्रिमिटिव्ह' २००६ मध्ये काढून 'विशेष असुरक्षित' या अर्थाचे शब्द घातले गेले. मराठीत 'आदिम जमात' अजूनही चालते. इंग्रजीने मागे टाकलेला शब्द मराठीने सांभाळत बसण्याचे कारण नाही. 'दुर्बल' हा पर्यायही बरा नाही. दुबळेपणा त्या माणसांत नाही, हातची जमीन आणि जंगल गेल्याने त्यांच्या जगण्याला आधार उरलेला नाही.

सर्वांत जपून करायचा अनुवाद फिर्यादीचा. लोकांसमोर जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. मराठी जबाबात 'ए कातोड्या, खाली बस' असे असेल आणि इंग्रजी प्रतीत फक्त 'कातकरी' उतरले, तर अपमान कागदावरून नाहीसा होतो. तिथे शब्द जसाच्या तसा ठेवून, तो कोणत्या सुरात उच्चारला जातो हे शेजारी लिहावे लागते.