युद्धोत्तर इंग्लंडमधील उपनगरी जिल्हा : सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता (१९४५–१९६५)

प्रस्तावना

इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बहुधा दोन टप्प्यांत सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकातील पटकीच्या साथी व त्यातून उभ्या राहिलेल्या गटारयोजना हा पहिला टप्पा, तर ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा हा दुसरा. या मांडणीत महायुद्धानंतरच्या उपनगरी जिल्हा कौन्सिलांचे कार्य दृष्टिआड होते. येथे 'जिल्हा' ही संज्ञा भारतीय अर्थाने घ्यावयाची नाही. १८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने काउंटीच्या अंतर्गत निर्माण झालेला 'नागरी जिल्हा' हा आपल्याकडील नगरपालिकेच्या जवळचा घटक होय. लंडनलगतच्या मिडलसेक्स काउंटीतील अशा जिल्ह्यांच्या, विशेषतः हॅरोच्या संदर्भात, १९४८ नंतर या संस्थांकडे काय उरले आणि त्यातून काय साध्य झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपनगराची पार्श्वभूमी

दोन महायुद्धांच्या दरम्यान रेल्वेमार्गांच्या आधाराने लंडनभोवती जोडघरांच्या वसाहती झपाट्याने वाढल्या. हॅरो नागरी जिल्हा १९३४ साली तीन जुने जिल्हे एकत्र करून स्थापन झाला. १९५१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २ लाखांहून अधिक होती. या वाढीचा ताण प्रथम मलनिःसारणावर आला. पश्चिम मिडलसेक्समधील २८ लहान मैलाशुद्धीकरण केंद्रे बंद करून १९३६ साली आयलवर्थनजीक मॉग्डन येथे एकच विशाल केंद्र सुरू करण्यात आले. युद्धोत्तर उपनगराचे आरोग्य या जमिनीखालील व्यवस्थेवर उभे होते.

मात्र नव्या वस्तीत धोका नसतो, हा समज १९३७ सालीच खोटा ठरला होता. लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन या सुस्थित उपनगरात दूषित विहिरीच्या पाण्यामुळे विषमज्वराची साथ उद्भवली. ३४१ जणांना बाधा झाली व ४३ जण मृत्युमुखी पडले. विहिरीत दुरुस्तीचे काम चालू असताना तिचे पाणी पुरेशा शुद्धीकरणाविना पुरवले गेले आणि या कामाची माहिती आरोग्य अधिकाऱ्यास नव्हती. अभियंता व आरोग्य अधिकारी यांच्यातील संवादाचा अभाव किती घातक ठरू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

१९४८ नंतरचे अधिकारक्षेत्र

१८७२ च्या कायद्यापासून प्रत्येक स्थानिक आरोग्य संस्थेस आरोग्य अधिकारी नेमणे बंधनकारक होते. १९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने या पदाच्या कक्षा बदलल्या. रुग्णालये प्रादेशिक मंडळांकडे गेली. प्रसूतिसेवा, आरोग्यभेटी, गृहशुश्रूषा व लसीकरण ही कामे काउंटी कौन्सिलांकडे सोपवण्यात आली. जिल्हा कौन्सिलांकडे उरले ते साथरोगांची नोंद, गटारे, केरकचरा, अन्नाची शुद्धता, घरांची तपासणी आणि कायद्याच्या भाषेतील 'उपद्रवां'चे निवारण. उपचार व प्रतिबंध यांची अशी फारकत झाली. काही ठिकाणी एकच व्यक्ती जिल्ह्याचा व काउंटीच्या विभागाचा आरोग्य अधिकारी म्हणून काम पाहत असे. ही तडजोड हेच या फारकतीवरील व्यावहारिक उत्तर होते.

उरलेल्या कामाचे स्वरूप

पहिला प्रश्न निवासाचा होता. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांच्या घरी बसवलेला स्नानाचा टब नव्हता. उपनगरातील नवी घरे या बाबतीत सुस्थितीत होती, परंतु युद्धोत्तर टंचाईमुळे एकेका घरात दोन कुटुंबे राहत. कौन्सिलच्या घरासाठीच्या प्रतीक्षायादीत क्षयरुग्णांच्या कुटुंबांना वैद्यकीय कारणास्तव प्राधान्य देण्याचा सल्ला आरोग्य अधिकारी देत असे. येथे घरवाटप हाच रोगप्रतिबंध होता.

दुसरा प्रश्न अन्नाचा होता. १९४६ साली वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आइस्क्रीममधून विषमज्वर पसरल्यानंतर १९४७ मध्ये आइस्क्रीमच्या मिश्रणावर उष्णताप्रक्रिया सक्तीची झाली. १९५५ च्या अन्नस्वच्छता नियमांनी खाद्यपदार्थांच्या व्यवसायात हात धुण्याच्या सोयी व गरम पाणी आवश्यक ठरवले. हे नियम प्रत्यक्षात आणणारा निरीक्षक दुकानोदुकानी, उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत फिरत असे. १९५६ साली त्याचे 'स्वच्छता निरीक्षक' हे पदनाम बदलून 'सार्वजनिक आरोग्य निरीक्षक' करण्यात आले.

तिसरा प्रश्न हवेचा होता. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळातील धुरकट धुक्याने लंडन परिसरात सुमारे ४,००० बळी घेतल्याचे तत्कालीन अनुमान होते. नंतरच्या संशोधनात हा आकडा १२,००० पर्यंत मानला गेला. धुराचा मोठा वाटा घरगुती कोळशाच्या शेगड्यांचा होता. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने जिल्हा संस्थांना धूरनियंत्रण क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार दिला व शेगड्या बदलण्यासाठी अनुदानाची तरतूद केली. दिवाणखान्यातील उघडी आग हे इंग्रज कुटुंबजीवनाचे प्रतीक होते. तिच्यावर निर्बंध घालण्याचे नाजूक काम घरोघर जाणाऱ्या निरीक्षकाच्या वाट्याला आले. डिसेंबर १९६२ मध्ये तसेच धुके पुन्हा दाटले, तेव्हा मृत्यूंची संख्या १९५२ पेक्षा बरीच कमी होती.

स्वच्छतेच्या मर्यादा

इंग्लंड व वेल्समधील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९४५ साली दर हजारी ४६ होते, ते १९६५ पर्यंत १९ वर आले. याचे श्रेय केवळ स्वच्छतेस देणे अनैतिहासिक ठरेल. घटसर्प मागे हटला तो १९४० पासूनच्या लसीकरण मोहिमेमुळे. पोलिओचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४७ च्या साथीत देशभर ७,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि स्वच्छ, सुखवस्तू वस्त्याही तिच्यातून सुटल्या नाहीत. अस्वच्छ परिसरात तान्हेपणीच, बहुधा सौम्य रूपात होणारा संसर्ग स्वच्छ परिसरात पुढील वयात होऊ लागला व अधिक दाहक ठरला, असे स्पष्टीकरण दिले जाते. १९५६ पासूनच्या लसीकरणानेच हा रोग आटोक्यात आला. गटार आणि लस या परस्परपूरक गोष्टी होत, याचा हा धडा होता. परंतु १९४८ च्या रचनेत या दोहोंची सूत्रे भिन्न संस्थांच्या हाती होती.

निष्कर्ष

१ एप्रिल १९६५ रोजी मिडलसेक्स काउंटी कौन्सिल संपुष्टात आले व हॅरो लंडनचा बरो बनला. १९७४ साली आरोग्य अधिकारी हे पदच रद्द झाले. वैद्यक आरोग्य सेवेकडे गेले आणि स्वच्छता स्थानिक संस्थांकडे राहिली. ज्या कार्याच्या यशाची खूण म्हणजे काहीही न घडणे, त्या कार्याचा बचाव करणे किती कठीण असते, हे येथे दिसून येते. न झालेल्या साथीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. २०१३ साली इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी पुन्हा स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आली. नळ, घर, हवा व अन्न यांचा विचार रोगापासून वेगळा करता येत नाही, हे क्रॉयडनमध्ये ४३ जीव गमावून शिकलेले सत्य प्रशासनाच्या रचनेत उतरण्यास त्यानंतर पाऊण शतक लागले.