दवाखाना तपासायचा कुणी? जव्हार-मोखाड्यातून एक जुना प्रश्न

'बोगस डॉक्टरवर धाड' ही बातमी आपल्या भागात अधूनमधून येते. दोन दिवस चर्चा होते, शटर खाली जातं, मग सगळं शांत. पण मंडळी, धाड म्हणजे तपासणी नव्हे. पदवीधर, चांगल्या डॉक्टरच्याही दवाखान्यात ठरलेल्या वेळी जाऊन सुया, औषधं, स्वच्छता आणि कागद बघणं, ही तपासणी. ती आपल्याकडे का रुजली नाही, हे मागे जाऊन बघायला हवं.

मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. वैद्य-हकिमांसाठी १९३८ चा कायदा आला. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचं संस्थान. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. लगेच पुढच्या वर्षी, १९४९ साली, मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा झाला. इंग्लंडात असा कायदा १९२७ लाच झाला होता. नोंदणी करा, आणि अधिकाऱ्याला आत येऊन बघू द्या, असा त्याचा गाभा.

म्हणजे आपण वेळेवर पोचलो म्हणायचं? नाही. हा कायदा कितीतरी वर्षं मोजक्या मोठ्या शहरांपुरताच राहिला, आणि तिथेही कागदावर. १९९० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, तेव्हा कुठे महापालिकेला जाग आली. सगळ्या राज्याला तो लागू करण्याची दुरुस्ती २००५ ची. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगणारे नियम तर जानेवारी २०२१ चे.

आता खरी मेख. हा कायदा बघतो खाटा. रुग्ण दाखल करून घेत असाल तर नोंदणी. नुसती ओपीडी असेल तर या कायद्याचा संबंध नाही. आपल्या पाड्यांवरचा माणूस ताप आला की जातो कुठे? बाजारपेठेतल्या एका खोलीच्या दवाखान्यात. तिथे सुई घेतो, बाकावर पडून सलाईन लावून घेतो आणि संध्याकाळच्या एसटीने घरी. हा दवाखाना की शुश्रूषागृह? तपासणी इथेच निसटते.

बिनखाटांच्या दवाखान्यांनाही धरणारा केंद्राचा कायदा २०१० साली झाला. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. वापरलेल्या सुयांच्या विल्हेवाटीचे २०१६ चे नियम लहान दवाखान्यालाही लागू आहेत, पण ते बघायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. पदवीच नसलेल्यांसाठी १९६१ च्या कायद्याचं कलम ३३ आहे आणि शोध समित्या आहेत. म्हणजे दोन टोकं सांभाळली, मधला मोठा पट्टा मोकळा.

१९९२ मध्ये वावर-वांगणीची बालकं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र जव्हारला आला. १९९५ पासून नवसंजीवन योजना आली, भरारी पथकं आली. पतंगशाह कुटीर रुग्णालय, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, रिक्त पदं, रुग्णवाहिका या सगळ्यावर तेव्हापासून बोललं जातं, आणि बोललंच पाहिजे. पण मूल सरकारी दवाखान्यात पोचण्याआधीचे दोन-तीन दिवस कुठे जातात, कुठल्या सुया घेतल्या जातात, हा प्रश्न माझ्या मते कधी नीट विचारलाच गेला नाही.

डॉक्टर मंडळींची भीती मला कळते. तपासणी म्हणजे चिरीमिरी, असा त्यांचा अनुभव असेल. उद्या नियमांचा बडगा उगारला आणि आहेत ते दवाखानेही बंद झाले, तर पावसाळ्यात माणसाने नाशिक किंवा सिल्वासा गाठायचं का? हाही मुद्दा खराच. म्हणून तपासणी दंडासाठी नको, सुधारण्यासाठी हवी. आधी लेखी सूचना, मग मुदत, मग कारवाई. आणि प्रत्येक भेटीचा शेरा दवाखान्याच्या दारावर लावलेला.

आपले दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, पेसा लागू आहे. पुढच्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडूया: तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी नोंदणीकृत डॉक्टरांची यादी, नोंदणी क्रमांक आणि पदवीसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि यादीत नाव असलेल्या डॉक्टरला घाबरायचंही कारण नाही.