आबांचा खिळा

साताऱ्यात करंज्यापासून संगम माहुलीपर्यंत कितीतरी घरांत स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा असायचा. तो आबांचा. डिसेंबर संपता संपता ते सायकलच्या कॅरिअरला कॅलेंडरांची गुंडाळी बांधून निघत आणि पिशवीत हातोडीही ठेवत. घरधन्याला खिळा शोधायला लावायचं नाही. कॅलेंडर टांगूनच उठायचं.

आबा विमा एजंट. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली इथंच काढलेल्या वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनीपासून त्यांची सुरुवात. १९५६मध्ये सरकारनं अशा २४५ संस्था ताब्यात घेतल्या, १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं आणि आबांच्या पावतीपुस्तकावरचं नाव तेवढं बदललं. खरी अडचण तीच राहिली. विमा विकायचा म्हणजे धडधाकट माणसाच्या ओसरीवर बसून त्याच्या मरणाचा विषय काढायचा. अनोळखी तोंडून तो निघाला, तर बाई आतून भांडी आपटायची. म्हणून पहिल्या खेपेला आबा पाऊसपाण्याचं बोलत, दुसऱ्या खेपेला मुलांची इयत्ता विचारत. बारशाला जात, दहाव्यालाही जात. पॉलिसीचा कागद कधी निघायचा? कुत्रं भुंकायचं थांबलं की, असं ते म्हणत. मला ही थट्टा वाटायची.

सुरुवातीला त्यांची कॅलेंडरं शिवकाशीच्या छपाईची असत: वर लक्ष्मी, खाली लाल अक्षरांत आबांचं नाव. वर्ष सरलं की नावाची पट्टी कापून बाया लक्ष्मी तेवढी चौकटीत घालत. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं आणि आबांनी पुढं लक्ष्मी सोडली. चतुर्थी कधी, एकादशी कधी, दुधाचा खाडा किती, गॅस कधी लावला, सगळं त्यातच. दिवसातून चार वेळा नजर तिथं जाणार आणि दर वेळी खालच्या नावावरून घसरणार. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्ये अर्थ न कळणारी अक्षरंसुद्धा पुन्हा पुन्हा दाखवली की आवडू लागतात, असं प्रयोगानं मांडलं होतं. मी ते आबांना वाचून दाखवलं. ‘त्याला खिळा ठोकायला लागला नसेल,’ एवढंच म्हणाले.

मी झालो चार्टर्ड अकाउंटंट. आमच्या १९४९च्या कायद्यात जाहिरात करून किंवा मागे लागून काम मिळवणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचाच प्रकार. वकिलांचंही तेच, त्यांची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. ज्यांना मुळीच ओरडायचं नाही त्यांनी दिसत राहावं कसं? माझे ज्येष्ठ रोज ठरल्या वेळी राजपथावरून पायी कचेरीत जात. पाऊस असो, ताप असो. लोक त्यांच्यावर घड्याळ लावत आणि मार्चमध्ये वह्या घेऊन त्यांच्याकडेच येत. मला ही बंधनं कधी जाचली नाहीत, पण पहिली दोन वर्षं पंख्याखाली बसून मीच माझी पाटी वाचत होतो.

तिसऱ्या वर्षी माहुलीच्या एक दुकानदारीणबाई आल्या. पाटीकडे बघत म्हणाल्या, ‘हे आडनाव आमच्या भिंतीवर असतं. कॅलेंडरवाल्यांचे तुम्ही?’ मी हो म्हणालो. त्यांनी खतावणी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि विचारलं, ‘मग यंदाचं कुठाय?’